तळमजल्यावरच्या आंघोळी

मीटर बसवल्याच्या पहिल्याच सकाळी सर्वेक्षकाच्या आईने काठोकाठ भरलेली दोन पिंपं मोरीत ओतून दिली, कारण त्यांतलं पाणी काल भरलेलं होतं. मग ती पुन्हा भरायला तिने नळ पूर्ण सोडला, आणि दाराबाहेरच्या कोऱ्या करकरीत मीटरचा काटा पंख्यासारखा फिरू लागला.

सर्वेक्षक तोंडात ब्रश धरून धावत आला.

"आई! अगं, हे काय केलंस?"

"शिळं होतं."

"पाणी शिळं होत नाही, आई. धरणात ते वर्षभर पडून असतं."

"धरणातलं धरणात. माझ्या घरात आजचं लागतं."

"पण आता मीटर लागलंय ना!"

"लागू दे की. त्यालाही आजचंच दाखव."

 सर्वेक्षक बेसिनसमोर जाऊन विचार करत उभा राहिला. विचार संपेपर्यंत त्याच्यासमोरचा नळ चालूच होता.

वास्तविक पाणी कसं वापरू नये यावर त्या शहरात सर्वेक्षकाएवढा जाणकार दुसरा नव्हता. शहराच्या पाणीपुरवठा खात्यात तो अकरा वर्षं नोकरीला होता आणि दर रविवारी, लोक घरी सापडतात म्हणून, बेचाळीस प्रश्नांचा एक छापील अर्ज घेऊन दारोदार फिरत होता. घरात माणसं किती, नळ किती, पाणी साठवता का, दाब कसा असतो, भांडी कोण घासतं, आंघोळीला किती बादल्या लागतात. लोक त्याला बसवून घेत, चहा देत आणि बिनदिक्कत खोटं सांगत. अख्ख्या शहरात आंघोळीला माणशी एकच बादली लागते, असं त्याच्या अर्जांवरून सिद्ध झालं होतं. मग बाकीचं पाणी जातं कुठे, हे मात्र त्या अर्जांवरून कळत नव्हतं. अर्थात ते अर्ज कुणी वाचतही नव्हतं. भरलेले अर्ज खोक्यांत भरून भांडारात जात, आणि भांडारपालाने त्यांतलं एक खोकं आपल्या लंगड्या टेबलाच्या पायाखाली लावलं होतं. त्या खोक्याचा उपयोग झाला असं ठामपणे म्हणता येत होतं, एवढंच.

सर्वेक्षकाचं स्वतःचं टेबल तळमजल्यावर, बाथरूमच्या दाराला लागून होतं. ती इमारत पूर्वी पंपावर पाळीने काम करणाऱ्या कामगारांसाठी बांधलेली, त्यामुळे त्या बाथरूममध्ये चांगले दोन शॉवर होते आणि गच्चीवर उन्हाने तापणारी पाण्याची टाकी होती. अकरा वर्षं तिथे बसून सर्वेक्षकाचे कान असे तयार झाले होते, की आत कोण आहे हे तो नुसत्या नळाच्या आवाजावरून सांगू शके. फक्त बाहेर ऊन आहे की पाऊस, हे त्याला सांगता येत नसे, कारण त्या जागेला खिडकी नव्हती. संध्याकाळी घरी आला की चपला काढता काढता तो मुलीला पहिला प्रश्न विचारायचा, "काय गं, आज ऊन होतं का?"

मुलगी सांगायची, "होतं, बाबा. छान होतं." तो मान हलवायचा. जणू काल वाचायचं राहिलेलं वर्तमानपत्र कुणी वाचून दाखवलं.

म्हणून खात्याचा नवा आदेश आला तेव्हा सर्वेक्षकाच्या जिवाचा आटापिटा सुरू झाला. शहरात घरोघरी मीटर लावायचं ठरलं होतं. पण लोक विचारणार, तुमच्या घरी आहे का? तेव्हा आधी कार्यालयातल्या तेवीस जणांच्या घरी मीटर बसतील, दर सोमवारी प्रत्येकाचा माणशी वापर कँटीनच्या फळ्यावर लिहिला जाईल, आणि महिन्याअखेरीस ज्याच्या घरचा वापर सगळ्यांत कमी, तो नव्या 'वापर अभ्यास कक्षा'चा प्रमुख होईल. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की या कक्षाला तिसऱ्या मजल्यावरची बंद असलेली खोली देण्यात येत आहे.

त्या खोलीला खिडकी होती. रस्त्यावरून दिसायची. सर्वेक्षक रोज बसमधून उतरला की तिच्याकडे बघायचा.

पहिल्या सोमवारी फळ्यावर तेवीस नावं लागली. सर्वांत खाली सर्वेक्षक होता. माणशी दोनशे तीन लीटर.

"काय हो," भांडारपाल हातात चहाचा कप घेऊन शेजारी येऊन उभा राहिला, "घरी धबधबा आहे असं कधी बोलला नाहीत. बघायला यायचं असेल तर तिकीट लागतं का?"

भांडारपालाचं नाव वरून पहिलं होतं. माणशी एकसष्ट.

"आमच्याकडे आई असते," सर्वेक्षक म्हणाला.

"आमच्याकडे सासूबाई असतात. बोला."

त्या संध्याकाळी सर्वेक्षकाने घरात बैठक बोलावली. त्याने भिंतीवर तक्ता लावला, चार रंगांच्या चार बादल्या आणल्या आणि कुणाचं पाणी कशात जातं याची जाहीर चौकशी सुरू केली. मुलगी कॉलेजात होती आणि तिची आंघोळ मिनिटांत नव्हे, गाण्यांत मोजावी लागे.

"किती गाणी?"

"चार. केस धुवायचे असतील तर सहा."

"दोन कर."

"बाबा, दुसऱ्या गाण्याला तर मी शॅम्पू लावते. मग काय, फेसासकट कॉलेजला जाऊ?"

सर्वेक्षकाची बायको शाळेत गणित शिकवायची आणि भांडी घासताना नळ बंद करत नसे, कारण नळ बंद केला की तिला उद्याची गणितं सुचत नसत. पण तिने दोन दिवस शांतपणे सगळ्यांची मोजमापं घेतली आणि तिसऱ्या दिवशी तक्त्यावर उत्तर लिहिलं.

"अहो, घरातलं सगळ्यात जास्त पाणी तुम्ही वापरता."

"मी?"

"दाढी करताना. नळ सोडून आरशासमोर तुम्ही रोज एकवीस मिनिटं बोलता."

"अगं, मी लोकांना काय सांगायचं त्याची तयारी करत असतो!"

"माहितीये. काल सांगत होतात, दाढी करताना नळ बंद ठेवा."

त्यानंतर बैठक आटोपती घेण्यात आली.

दुसऱ्या सोमवारी सर्वेक्षकाचा आकडा एकशे नव्वदवर आला आणि क्रमांक होता तिथेच राहिला, कारण बाकीचे बावीस जण त्याच्यापेक्षा वेगाने खाली सरकले होते. भांडारपालाचा आकडा बावीस होता. माणशी बावीस लीटर! सर्वेक्षकाने फळ्यासमोर उभं राहून मनातल्या मनात हिशेब केला. बावीस लीटरमध्ये पिणं, स्वयंपाक आणि संडास बसवला, तर अंगासाठी साधारण एक वाटीभर पाणी उरत होतं. आणि भांडारपाल तर रोज सकाळी दहाला तुकतुकीत चेहऱ्याने यायचा. केस ओले. कानामागे कधीकधी साबण.

इथे कुठेतरी पाणी मुरत होतं.

मंगळवारी अर्ज छापून घ्यायचे म्हणून सर्वेक्षक साडेसातलाच कार्यालयात पोचला, तर बाथरूममधून गाण्याचा आवाज. सूर ओळखीचा नव्हता, पण शॉवरखाली उभं राहायची पद्धत अनुभवी होती. थोड्या वेळाने दार उघडलं आणि साबणाच्या घमघमाटातून, खांद्यावर टॉवेल टाकलेला भांडारपाल प्रकट झाला.



"पाइप तपासत होतो," भांडारपाल म्हणाला.

"साबण लावून?"

"गळती कळते त्याने." भांडारपालाने कान पुसला. "हे बघा, उगाच तोंड वाकडं करू नका. मी काही एकटा नाही. सात वाजता टंकलेखिका येऊन गेल्या, त्याआधी नकाशेवाले. आणि यात चूक काय आहे? मला एक सांगा, या इमारतीला मीटर आहे का?"

सर्वेक्षकाने विचार केला. शहरातल्या प्रत्येक इमारतीला मीटर लावायचा कार्यक्रम त्याला पाठ होता. त्यात ही इमारत नव्हती.

"नाही," तो म्हणाला.

"पाणी सोडणारे आपण, घेणारे आपण. कुणाला दाखवायला मोजायचं? जा, उभे राहा जरा. कालच्या उन्हाचं गरम आहे अजून."

सर्वेक्षक मुळीच गेला नाही. अकरा वर्षं त्याने हजारो लोकांना नळ बंद करायला सांगितलं होतं. तो ताठ मानेने आपल्या टेबलाशी बसून राहिला. बुधवारीही बसून राहिला. गुरुवारी सकाळी घरून निघताना त्याच्या आईने पुन्हा दोन पिंपं ओतली, बसमधून उतरल्यावर त्याला तिसऱ्या मजल्यावरची खिडकी दिसली, आणि पावणेआठला तो शॉवरखाली उभा होता.

त्याने स्वतःला समजावलं की हा एक अभ्यास आहे. अभ्यास सतरा मिनिटं चालला.

आणि अभ्यास म्हटला की नोंद आली. अंग पुसून झाल्यावर सर्वेक्षकाने एक नवी वही काढली, रकाने आखले: कोण, किती वाजता, किती मिनिटं, शेरा. पहिल्या ओळीत त्याने प्रामाणिकपणे लिहिलं, 'स्वतः, ७.४५, सतरा मिनिटं, समाधानकारक.' बाकीच्यांची नोंद करायला त्याला जागेवरून उठायचीही गरज नव्हती. टेबल तिथेच होतं आणि कान तयार होते.

घरी ही गोष्ट लपणं शक्यच नव्हतं.

"अहो," बायको म्हणाली, "सर्वेक्षणाला टॉवेल लागतो हे मला अकरा वर्षांत माहीत नव्हतं."

सर्वेक्षकाने सगळं सांगून टाकलं. आता बायको रागावेल, मुलगी हसेल, आई हात जोडेल असं त्याला वाटलं. पण तिघींनी एकमेकींकडे बघितलं. मग मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही रोज मला ऊन विचारता ना, मला फार कसंतरी होतं. आपण तुम्हाला ती खोली मिळवून देऊच. मी येते उद्यापासून."

"कुठे?"

"आंघोळीला."

"मीही शाळेच्या वाटेवरच आहे," बायको म्हणाली.

"तिथलं पाणी कधीचं असतं?" आईने विचारलं.

"गच्चीवरच्या टाकीतलं. आता अकरापर्यंत टाकी संपते आणि पुन्हा भरते."

"म्हणजे रोजचं ताजं!" आईचा चेहरा उजळला. "तुमच्या खात्यात एवढी शहाणी माणसं आहेत हे आधी नाही सांगितलंस."

सर्वेक्षकाच्या घरचे आले म्हटल्यावर भांडारपालाच्या घरचे का मागे राहतील? आणि भांडारपालाची सासू आलेली बघून टंकलेखिकेचे दोन भाऊ, नकाशेवाल्याची जुळी मुलं. तिसऱ्या आठवड्यात सकाळी सात ते दहा तळमजल्याला लग्नघराची कळा आली. जिन्यावर पोरं, कठड्यावर टॉवेल, सर्वेक्षकाच्या टेबलावर सात-आठ साबणदाण्या. मुलीच्या चौथ्या गाण्याला बाहेरची रांग फाटकापर्यंत जायची आणि भांडारपाल दार ठोठावायचा, "अगं पोरी, गाणं आवर! मला कार्यालयात जायचंय!"

"तुम्ही कार्यालयातच आहात, काका!"

सगळ्यांत हाल झाले ते सफाईच्या मावशींचे. बाथरूम त्यांच्या ताब्यात होतं. त्यांनी शेवटी पुठ्ठ्याचे नंबर कापून वाटायला सुरुवात केली आणि एक बाक आणून दारात ठाण मांडलं.

"काय हो," त्या सर्वेक्षकाला म्हणाल्या, "टाकी अकराला कोरडी ठणठणीत. परत भरते तीनला. मी फरशी कशाने पुसायची? तुमच्या अभ्यासाने?"

"मावशी, थोडेच दिवस."

"थोडेच दिवस म्हणून तुमच्या आईंनी काल दोन चादरी धुतल्या. आणि बायकोने जाताना कॅन भरून नेला."

हे खरं होतं. केवळ आंघोळी बाहेर केल्याने आकडा पुरेसा खाली येईना, तेव्हा बायकोने स्वयंपाकाचं पाणीही कार्यालयातून नेण्याची पद्धत पाडली होती. घरचं पाणी वाचावं म्हणून ती रोज पाच लीटरचे दोन कॅन घेऊन बसने घरी जायची. गणिताची बाई असल्याने एक गोष्ट तिच्या ध्यानात आली होती.

"अहो, तेवीस घरांचं जेवढं पाणी कमी झालंय ना, त्याहून जास्त तुमच्या टाकीतून जातंय."

"जास्त कसं?"

"घरी मी नळ सोडून विचार करते. तिथे तर नळ सोडून गप्पा मारतात."

सर्वेक्षकाने हे वाक्य वहीत शेरा म्हणून लिहून घेतलं.

चौथ्या सोमवारी फळ्यावर सर्वेक्षक दुसरा होता. माणशी पाच लीटर. एकेक नाव ओलांडत तो वर आला होता आणि वर फक्त भांडारपाल उरला होता. भांडारपालाच्या नावापुढे शून्य होतं.

"शून्य?" सर्वेक्षकाचा आवाज चिरकला.

"वळणावरचा मुख्य नळच बंद करून टाकला," भांडारपाल समाधानाने म्हणाला. "घरचे सगळे आठवडाभर मेहुणीकडे राहतायत. तिच्याकडे अजून मीटर नाही." मग त्याने सर्वेक्षकाच्या खांद्यावर हात ठेवला. "वाईट वाटून घेऊ नका. त्या खोलीत खुर्ची टाकीन तुमच्यासाठी. येत जा दुपारी. ऊन बघायला."

त्याच दिवशी अकरा वाजता मुख्य कार्यालयातून मोठ्या बाई आल्या. सगळं खातं त्यांना मोठ्या बाई म्हणत असे आणि घाबरत असे. खोलीची किल्ली त्यांच्या पर्समध्ये होती. साहेब, म्हणजे या कार्यालयाचे प्रमुख, त्यांना घेऊन कँटीनमध्ये आले. कर्मचारी फळ्याभोवती उभे राहिले. सर्वेक्षक मागे, भिंतीला टेकून उभा होता.

मोठ्या बाईंनी फळा वाचला. वरून खाली वाचला, मग खालून वर.

"माणशी सरासरी अकरा लीटर," त्या म्हणाल्या. "उंट पाळलेत का सगळ्यांनी?"

साहेब हसले. कुणीच हसत नाही हे बघून थांबले. मोठ्या बाईंनी शून्यावर बोट ठेवलं, बोटाला खडू लागला, म्हणून त्या हात धुवायला बाहेर गेल्या. तळमजल्याच्या नळाने साबणापुरतं पाणी दिलं आणि फेस धुवायच्या वेळेला मान टाकली. आधी एक उसासा, मग खोकल्यासारखी हवा, मग काहीच नाही.

मोठ्या बाई दोन्ही हात फेसासकट वर धरून परत आल्या.

"पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "पाणी नाही?"

"मॅडम, देखभालीचं काम चालू आहे," साहेब म्हणाले.

"कसली देखभाल!" दारातून मावशींचा आवाज आला. त्यांच्या हातात पुठ्ठ्यांचा गठ्ठा होता. "आज सकाळपासून एकोणचाळीस जणं न्हाली. चाळीसावा नंबर अजून बाहेर बसलाय."

मोठ्या बाईंच्या कोपरावरून फेसाचा एक गोळा जमिनीवर पडला.

"या इमारतीचं मीटर दाखवा," मोठ्या बाई म्हणाल्या.

 साहेबांनी आढ्याकडे बघितलं.

"मीटर नाही? मग किती पाणी गेलं, कुणी वापरलं, याची काही नोंद आहे कुणाकडे? एका तरी माणसाकडे?"

 वही सर्वेक्षकाच्या काखेत होती. तिच्या पहिल्याच ओळीत तो स्वतः होता. चौथ्या पानावर मुलगी गाण्यांसह होती, सहाव्या पानावर आई चादरींसह. वही उघडली की खिडकी गेली, कदाचित बाथरूमशेजारचं टेबलही गेलं. आणि गप्प बसलं की भांडारपाल शून्य लीटर घेऊन तिसऱ्या मजल्यावर जाणार.

त्याने गप्प बसायचं ठरवलं होतं. अगदी ठरवलं होतं. पण मोठ्या बाईंनी पुन्हा विचारलं, "नोंद आहे का?" आणि सर्वेक्षकाच्या ध्यानात आलं, की अकरा वर्षांत त्याची नोंद बघायला मागणारं हे पहिलंच माणूस आहे.

"आहे, मॅडम," तो म्हणाला आणि पुढे झाला.

मोठ्या बाईंचे हात फेसाचे, त्यामुळे वही सर्वेक्षकालाच धरून पानं उलटावी लागली. त्या मोठ्याने वाचत होत्या.

"स्वतः, सतरा मिनिटं, समाधानकारक. भांडारपाल, सव्वीस मिनिटं, गाण्यासह. भांडारपाल यांच्या सासूबाई, बावीस मिनिटं, जावयाच्या तक्रारींसह." भांडारपालाने चमकून वर बघितलं. "मुलगी, चार गाणी. आई, दोन चादरी. नकाशेवाले यांची जुळी मुलं, एकूण एक, कारण वेगळे आवाज ओळखता आले नाहीत." पान उलटलं. "पहिला मजला, साहेबांचं खासगी स्नानगृह. भिंतीतल्या पाइपच्या आवाजावरून. एकतीस मिनिटं. दोनदा शीळ."

साहेबांनी आढ्याकडे बघणं बंद करून जमिनीकडे बघायला सुरुवात केली.

"तुम्ही स्वतःचंही लिहिलंत?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"अभ्यास आहे, मॅडम. गाळलं तर चुकेल."

"मग निष्कर्ष काय निघाला?"

"अकरा वर्षं मी बेचाळीस प्रश्न विचारतोय," सर्वेक्षक म्हणाला. "घरात माणसं किती, नळ किती, पाणी साठवता का. सगळे प्रश्न बरोबरच आहेत. पण एक राहून गेला."

"कोणता?"

"मीटर कुणाच्या नावावर आहे."

 तेवढ्यात गर्दीतून वाट काढत सर्वेक्षकाची आई पुढे आली. नंबर चाळीस तिचाच होता. तिच्या हातात सकाळीच भरून ठेवलेला कॅन होता.

"अहो बाई, किती वेळ तसेच हात धरून उभ्या राहाल? या इकडे. धुवून टाका. आणि काळजी करू नका, आजचंच आहे."

मोठ्या बाईंनी कँटीनच्या मोरीत हात धुतले. सर्वेक्षकाने सवयीने वहीत लिहिलं, 'मोठ्या बाई, फक्त हात, पाऊण लीटर.' त्यांनी ते वाकून वाचलं, पर्स उघडली आणि किल्ली त्याच्या वहीवर ठेवली.

"मॅडम, पण शून्य माझं आहे!" भांडारपाल कळवळून म्हणाला.

"शून्य लीटरच्या घरात माणसं राहत नाहीत," मोठ्या बाई म्हणाल्या. "आणि जिथे माणसंच राहत नाहीत, ते घर अभ्यासात धरत नाहीत. हो ना, प्रमुख?"

प्रमुख म्हणजे आपण, हे कळायला सर्वेक्षकाला थोडा वेळ लागला.

जाताना मोठ्या बाई साहेबांना एवढंच सांगून गेल्या, की या इमारतीला आठवड्याच्या आत मीटर बसलं पाहिजे, आणि ते कुठेतरी अडगळीत नको, प्रमुखांच्या डोळ्यांसमोर हवं.

सर्वेक्षकाने त्या खोलीत पाच दिवस काढले. खिडकीतून त्याला रस्ता दिसला, पलीकडच्या गच्चीवर वाळणारे कपडे दिसले, ढग दिसले. एकदा तर पाऊस सुरू होताना दिसला आणि त्याने काम थांबवून तो शेवटपर्यंत बघितला. त्या पाच दिवसांत तो घरी गेल्यावर स्वतःच मुलीला सांगायचा, "दुपारी थोडं ढगाळलं होतं गं. पण चारनंतर उघडलं."

सहाव्या दिवशी मीटर घेऊन प्लंबर आला. इमारतीभर फिरून त्याने डोकं खाजवलं.

"साहेब, मीटरला सरळ पाइप लागतो. खाली सगळी वळणंच वळणं. टाकीकडे जाणारा मोठा पाइप फक्त एकाच ठिकाणी सरळ आहे."

"कुठे?"

प्लंबरने खिडकीबाहेर बोट दाखवलं. मोठा पाइप खिडकीसमोरूनच वर जात होता. सर्वेक्षकाने तो पाच दिवस पाहिलाच नव्हता, कारण तो आकाश बघत होता.

मीटर जेवणाच्या ताटाएवढं मोठं होतं. त्याला पुढे लोखंडी पेटी, पेटीला काच, काचेवर जाळी. चार माणसांनी मिळून ते बसवलं आणि संध्याकाळपर्यंत खिडकी नीट भरून गेली. आदेशाप्रमाणे ते प्रमुखांच्या बरोबर डोळ्यांसमोर आलं.

दुसऱ्या दिवसापासून तळमजल्यावर आंघोळीला एकही माणूस फिरकला नाही. टाकी तीन दिवस पुरू लागली. मावशींनी पुठ्ठ्याचे नंबर जपून ठेवून दिले. सर्वेक्षकाच्या घरी मुलगी पुन्हा चार गाण्यांवर आली, बायको नळ सोडून गणितं सोडवू लागली, आणि आईने पहिल्याच सकाळी दोन्ही पिंपं ओतून दिली.

संध्याकाळी सर्वेक्षक घरी आला, चपला काढल्या आणि गप्प बसला. मुलगी वाट बघत होती. तिने शेवटी स्वतःच विचारलं, "बाबा, आज ऊन होतं का?"

सर्वेक्षकाने नीट आठवून पाहिलं.

"दुपारी दोनपर्यंत," तो म्हणाला, "अकराशे चाळीस लीटर होतं."